जाळं हाच आमचा सातबारा

(वडीगोद्री, ता. अंबड येथील मेळाव्यात संघटनेच्या वतीने केलेले भाषण)



सकाळपासून गायरानाबद्दल आणि सातबाऱ्याबद्दल बोलणं झालं. आता आम्ही पाण्याबद्दल बोलणार आहोत. गोदाकाठच्या आपल्या कितीतरी भिल्ल बांधवांच्या नावावर गुंठाभर रान नाही. त्यांचा सातबारा म्हणजे जाळं.

पैठणला १९६५ साली जायकवाडीची पायाभरणी झाली, १९७६ ला उद्घाटन झालं. शंभरावर गावं बुडाली. डावा कालवा आपल्याच तालुक्यातून गेला. पुढे १९८६ साली या जलाशयाचं पक्षी अभयारण्य झालं, सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचं. पाणी पाटबंधारे खात्याचं, पाखरं वनखात्याची, मासेमारी ठेक्यावर. मग चप्पू घेऊन पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात उतरणारा माणूस कोणाच्या कागदावर आहे?

पाखरं आमची वैरी नाहीत. हिवाळ्यात दूरदेशीची पाखरं येतात, ती मासा आहे म्हणून येतात. मासा संपला तर ती येणार नाहीत आणि आम्हीही उपाशी मरू. म्हणून मासा राखण्यात आमचाच जास्त स्वार्थ आहे.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अभयारण्य वेगळं आणि राष्ट्रीय उद्यान वेगळं. उद्यानात लोकांचे हक्क संपवले जातात. अभयारण्यात मात्र कलेक्टरने आधी चौकशी करायची असते, आणि मुख्य वन्यजीव रक्षकांचा सल्ला घेऊन तो जुना हक्क चालू ठेवू शकतो. १९९१ च्या दुरुस्तीने तशी सोयच केली आहे.

नागपूरच्या पुढे पेंच नदीवर तोतलाडोहचं धरण आहे. मध्य प्रदेशच्या बाजूला विस्थापित आदिवासींना मासेमारीचे ३०५ परवाने दिले होते. त्यावर खटला झाला. ५ मार्च १९९७ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. परवाने रद्द केले नाहीत. फोटोचं ओळखपत्र, काठावर जाळ करायचा नाही, अशा अटी घातल्या. जंगल जपा, पण आदिवासीच्या पोटाचाही विचार करा, असा त्याचा सूर होता. तरीही साथींनो, परवाना म्हणजे हक्क नव्हे. परवाना देणारा उद्या काढूनही घेतो.

हक्क कसा मिळतो ते अमेरिकेत बघा. तिथे पश्चिम किनाऱ्यावर वॉशिंग्टन नावाचं राज्य आहे. तिथल्या आदिवासींनी १८५४-५५ च्या तहात जमिनी सोडल्या, पण नेहमीच्या जागी मासे धरायचा हक्क राखून ठेवला. पुढे राज्य सरकार मासे वाचवायचे म्हणून त्यांनाच पकडू लागलं. बिली फ्रँक नावाच्या निस्क्वाली आदिवासीला १९४५ साली, चौदाव्या वर्षी, पहिली अटक झाली. पुढे पन्नासावर वेळा. तरी लोक जाळं टाकतच राहिले. अखेर १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी सांगितलं की धरण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा आदिवासींचा. १९७९ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरलं. आज नदीत मासा किती राखायचा हे ठरवायला आदिवासी सरकारच्या बरोबरीने बसतात.

त्यांच्याकडे तहाचा कागद होता. आपल्याकडे काय आहे? आपल्याकडे म्हातारी माणसं आहेत. कायद्याप्रमाणे कलेक्टरला माहितगार माणसाची साक्षही विचारात घ्यावी लागते.

२२ ऑगस्ट १९९७ ला सुप्रीम कोर्टाने राज्यांना हुकूम केला होता: अभयारण्यांच्या जाहीर नोटिसा दोन महिन्यांत काढा आणि हक्कांची चौकशी वर्षभरात पुरी करा. नोटीस लागली की दावा द्यायला दोनच महिने मिळतात. तलाठी घरी येऊन सांगेल, या भरवशावर बसू नका.

म्हणून तीन कामं करायची. गावोगाव यादी करा: कोण, कुठल्या डोहात, किती पिढ्यांपासून मासे धरतं. म्हाताऱ्यांचे जबाब आत्ताच लिहून अंगठे घ्या. आणि ग्रामसभेत आपणच ठराव करा: बारीक भोकाचं जाळं वापरणार नाही, पावसाळ्यात मासा अंड्यावर असताना धरणार नाही, पाखराला हात लावणार नाही.

असा ठराव हातात घेऊन गेलो तर आपण मागणारे राहत नाही, राखणारे होतो. राखणाऱ्याला वाटा द्यावाच लागतो.

जिंदाबाद!