मातीतील विष आणि मजुराचा जाणण्याचा हक्क
(शेतमजूर कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



लागवडीपूर्वी जमिनीचे धुरीकरण करताना द्रवरूप रसायन काही इंच खोल सोडले जाते. त्याची वाफ मातीच्या पोकळ्यांतून पसरते आणि मुळांवर जगणारे सूत्रकृमी मरतात. सूत्रकृमींचे संकट खोटे नाही. मुळे पोखरली गेली की केळीचे झाड घडासह उन्मळून पडते. पिकाचे रक्षण झालेच पाहिजे. परंतु विषाची माहिती कोणाजवळ राहते आणि त्याची वाफ कोणाच्या छातीत जाते, हा वर्गीय प्रश्न आहे.

डीबीसीपी या रसायनाचा इतिहास याची साक्ष देतो. शेल आणि डाऊ या कंपन्यांनी १९५० च्या दशकात ते ‘नेमॅगॉन’ व ‘फ्युमाझोन’ या नावांनी बाजारात आणले. अननसाच्या लागवडीपूर्वी ते जमिनीत सोडले जाई. उभ्या झाडांना ते सोसत असल्याने केळीबागांतही मजूर ते बुंध्याभोवती टोचीत. त्याच्या वाफेने प्रयोगातील उंदरांची वृषणे आक्रसतात, हे १९६१ सालीच शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. मजुरांना मात्र त्याचा पत्ता नव्हता.

१९७७ साली कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथे हे रसायन हाताळणाऱ्या कामगारांच्या ध्यानात आले की, आपल्यापैकी अनेकांना मूल होत नाही. त्यांनी तपासणीचा आग्रह धरला आणि वंध्यत्व उघड झाले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने वापर थांबविला. १९७९ साली अमेरिकन सरकारने बहुतेक सर्व वापर रद्द केले. हवाईतील अननसाची सवलत १९८५ पर्यंत टिकली.

आणि मध्य अमेरिकेत? डाऊने उत्पादन थांबविताच एका बड्या फळकंपनीने कराराचा बडगा दाखविला. नुकसानभरपाईची जबाबदारी तिने स्वतःकडे घेतल्यावर उरलेला साठा रवाना झाला. जे विष अमेरिकन कामगारासाठी घातक ठरले होते, ते केळीबागांतील मजुराच्या हाती देण्यात आले. कोस्टारिकाच्या मजुरांना टेक्सासमध्ये दावा चालविण्याचा अधिकार तेथील सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला, तो १९९० साली. निकाराग्वाच्या पीडितांसाठी खास कायदा झाला, तो २००० साली.

हा केवळ परदेशचा इतिहास नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. तेथील रसायने वेगळी होती. पण विष हाताळणाऱ्याचे असंरक्षित शरीर तेच होते.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगाव ठाम मागण्या मांडल्या पाहिजेत. विषाची माहिती मजुराला त्याच्या भाषेत, वाचता येत नसेल तर तोंडी मिळावी. संरक्षक साधने व वैद्यकीय तपासणी मालकाच्या खर्चाने व्हावी. धोकादायक काम नाकारणाऱ्याची मजुरी कापली जाऊ नये. उन्हाळी नांगरट, पिकांची फेरपालट, निंबोळी पेंड, झेंडूची लागवड, पारदर्शक प्लॅस्टिकखाली जमीन तापविणे, या उपायांचा प्रसार कृषी खात्याने करावा.

लॅथ्रॉपचे सत्य कामगारांनी एकमेकांशी बोलल्यामुळे बाहेर आले. संघटनेचे काम तेथूनच सुरू होते.