जऊळका रेल्वे : एका स्टेशनवस्तीविषयी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या जिल्ह्यात मालेगाव तालुक्यात एक गाव आहे. त्याचे नाव कागदोपत्री 'जऊळका रेल्वे' असे लिहितात. गावांच्या नावांना बुद्रुक, खुर्द लागलेले आपण नेहमी ऐकतो. या गावाला रेल्वे लागली!

ही रेल्वे आपल्याकडे फार उशिरा आली. भुसावळ-नागपूर मार्ग १८६७ साली पुरा झाला आणि अकोल्याला गाडी मिळाली. दक्षिणेकडून निजामाच्या रेल्वेने १९१२ साली पूर्णेहून हिंगोलीपर्यंत रूळ आणले. वाशीम मधेच राहिले. १९०५ पर्यंत ते जिल्ह्याचे ठाणे होते, तरी येथल्या सासुरवाशिणीला गाडी गाठायची तर अकोल्यापर्यंत सुमारे पन्नास मैलांची वाट तुडवावी लागे. स्वातंत्र्यानंतर खांडवा-हिंगोली ही मीटरगेज जोडणी झाली, तेव्हा कुठे वाशिमातून गाडी धावू लागली.

स्टेशन झाले की शेजारी वस्ती होते. मास्तर, पॉइंट्समन, फाटकवाला, रुळांची गँग आणि त्यांची बिऱ्हाडे. मार्ग एकेरी, पुढच्या स्टेशनाची परवानगी आल्याखेरीज गाडी सोडता येत नसे. म्हणून रात्री-बेरात्री कुणीतरी जागे राहणे भागच. पुरुष जागा, तर घरची बाईही जागी. डबा तिने करायचा, आजारी मूल तिने सांभाळायचे, आणि बदलीचा हुकूम आला की मांडलेली चूल तिनेच मोडायची.

२००८ साली पूर्णा-अकोला मार्ग ब्रॉडगेज झाला. एक मीटरचे रूळ उखडून रुंद रूळ आले. प्रवासाची सोय वाढली, हे चांगलेच झाले. पण जुन्या रुळांबरोबर जुन्या आठवणीही उचलल्या जाऊ नयेत. नोकरीवरच्या माणसांची नावे दप्तरात राहतात; त्यांच्या बायकांची नावे कोण लिहिणार?

म्हणून माझी एक विनंती आहे. मंडळाने एक वही घालावी. ज्यांचे बालपण वा संसार रेल्वेच्या क्वार्टरात गेला, त्यांनी तीत लिहावे : पाणी कुठून आणीत, बाळंतपणाला सुईण कोण येई, सण कसा होई, शेजारधर्म कसा पाळला जाई. लिहिता येत नसेल तर सांगावे, लेकी-सुना लिहून घेतील. म्हाताऱ्या आपल्यात आहेत तोवरच हे काम होईल. पुढच्या वर्धापनदिनी ती वही येथे वाचली जावी, एवढेच मागून मी आपली रजा घेते.