जांघेत भरलेली चमक : कारणे, उपचार आणि कामावर परतण्याची रीत

(पुणे येथील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवतो, त्यामुळे पेरणीचे अंतर, खतांच्या मात्रा किंवा तणनियंत्रण यांवर मी बोलेन अशी तुमची अपेक्षा असेल. आज मात्र मी पिकावर नव्हे, पीक काढणाऱ्या माणसाच्या पायावर बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. उपचारांविषयी जे सांगणार आहे, ते मला तपासणाऱ्या डॉक्टरांकडून आणि फिजिओथेरपिस्टकडून शिकलेले आहे. निमित्त माझ्याच दुखण्याचे आहे.

माझी चूक

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये प्रयोगाच्या प्लॉटवर खताचे पोते खांद्यावर घेऊन मी पाण्याचा चर ओलांडत होतो. पुढचा पाय पलीकडे पडला आणि मागचा ओल्या मातीवरून निसटला. उजव्या जांघेत जोराची चमक भरली. दोन दिवस लंगडलो. घरी तेल लावून चोळून घेतले, गरम विटेचा शेक घेतला. दहाव्या दिवशी दुखणे थांबले, म्हणून पालखीबरोबर पुण्याहून सासवडला चालत निघालो. वारीतला हा लांबचा टप्पा, सुमारे ३० किलोमीटरचा. हडपसरपर्यंत काही जाणवले नाही. दिवे घाट चढू लागलो आणि अर्ध्या वाटेवर उजवा पाय उचलेना. मांडी हाताने वर ओढून पाऊल टाकावे लागत होते. शेवटी दिंडीच्या ट्रकमध्ये बसून सासवड गाठले.

तीन आठवड्यांत बरे झाले असते ते दुखणे अडीच महिने पुरले. तो खरीप मी बांधावरून पाहिला. मला पगार होता म्हणून निभावले. ज्याचे घर हातावर चालते, त्याला असा हंगाम घालवणे परवडत नाही.

हा स्नायू कोणता?

मांडी पोटाकडे उचलणाऱ्या स्नायूंमध्ये दोन मुख्य आहेत. पहिला कमरेच्या मणक्यांपासून आणि कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूने निघून जांघेतून खाली येतो आणि मांडीच्या हाडाला जोडला जातो. दुसरा कमरेच्या हाडापासून मांडीच्या पुढच्या बाजूने गुडघ्याच्या वाटीपर्यंत जातो. चालणे, बांध चढणे, चिखलातून पाय काढणे, ट्रॅक्टरवर चढणे, ही सगळी कामे यांच्यावर चालतात.

खुरपणीला उकिडवे बसलो की हे स्नायू तासन्‌तास आखडलेले राहतात. ट्रॅक्टरच्या सीटवरही तेच होते. मग एकदम उठून आपण लांब टांग टाकतो किंवा ओझे उचलतो. १६ लिटरचा फवारणी पंप भरला की पाठीवर जवळपास २० किलो वजन येते. युरियाचे पोते ४५ किलोचे. अशा वेळी मागचा पाय निसटला की आखडलेला स्नायू झटक्याने ताणला जातो आणि त्याचे तंतू तुटतात.

दुखापत किती, हे कसे ओळखावे?

१. सौम्य : थोडेच तंतू दुखावतात. चालता येते, पण पायरी चढताना किंवा गुडघा उचलताना दुखते. साधारण १ ते ३ आठवडे लागतात.

२. मध्यम : बरेच तंतू तुटतात. लंगडावे लागते, सूज किंवा काळेनिळे डाग दिसू शकतात. ४ ते ८ आठवडे धरावेत.

३. तीव्र : स्नायू पूर्ण तुटतो. पाय उचलताच येत नाही. डॉक्टरांकडे लगेच जावे. बरे होण्यास काही महिने लागतात.

जांघेतले प्रत्येक दुखणे स्नायूचेच असते असे मात्र नाही. खोकताना फुगणारी गाठ असेल तर अंतर्गळ असू शकतो. कमरेकडून जांघेत कळ येते आणि लघवीला त्रास होतो, तेव्हा मुतखड्याची शंका घ्यावी. उजव्या बाजूला पोटात खाली दुखून ताप व उलटी होत असल्यास अपेंडिक्सची शक्यता असते. वयस्कर माणूस पडल्यानंतर पायावर उभा राहू शकत नसेल, तर खुब्याचे हाड मोडलेले असू शकते. पाय बधिर होणे, रात्री वाढणारे दुखणे, बरेच दिवसांचा बारीक ताप किंवा वजन घटणे ही लक्षणे असल्यास घरी उपचार करीत बसू नये.

पहिले तीन दिवस

• काम ताबडतोब थांबवावे. अंथरुणाला खिळून राहण्याची मात्र गरज नाही. दुखणार नाही इतके घरात फिरावे. लंगडत असल्यास काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी.

• बर्फ फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावा. तो थेट कातडीवर ठेवू नये.

• उताणे झोपताना गुडघ्याखाली उशी घ्यावी.

• चोळणे, गरम शेक आणि दारू ही तिन्ही टाळावीत. यांनी आतला रक्तस्राव व सूज वाढू शकते. मी यांपैकी पहिल्या दोन चुका केल्या.

• वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, विशेषतः मूत्रपिंडाचा, पोटातील अल्सरचा किंवा रक्तदाबाचा त्रास असल्यास. गोळी खाऊन कामावर जाणे तर मुळीच नको.

वाफसा आल्याशिवाय औत नाही

पाऊस उघडला, वरची माती सुकलेली दिसली, म्हणून आपण लगेच औत घालत नाही. खाली ओल जास्त असते, जमीन दाबली जाते आणि ढेकळे निघतात. आपण वाफशाची वाट पाहतो. स्नायूचेही तसेच आहे. दुखणे थांबणे म्हणजे वरची माती सुकणे. आतले तंतू अजून कच्चे असतात. पण वाट पाहत जमीन अगदी कडक होऊ दिली तरी औत चालत नाही. तसेच महिनाभर नुसते पडून राहिल्यानेही स्नायू कमजोर होतो.

म्हणून टप्प्याने जावे :

१. तीव्र कळ ओसरल्यावर उताणे झोपून टाच जमिनीवरून घासत गुडघा वाकवावा व सरळ करावा. १० वेळा.

२. खुर्चीवर बसून तळहात मांडीवर ठेवावा. मांडी वर आणि हात खाली असा हलका दाब ५ ते १० सेकंद द्यावा.

३. हे न दुखता जमले की भिंतीला धरून उभे राहून गुडघे आळीपाळीने उचलावेत. उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलावी.

४. त्यानंतर घडी केलेल्या घोंगडीवर दुखरा गुडघा टेकावा, दुसरा पाय पुढे ठेवावा. पाठ सरळ ठेवून कंबर हळूच पुढे न्यावी. ताण जाणवावा, कळ येऊ नये. २० ते ३० सेकंद, तीन वेळा.

प्रत्येक टप्प्याची परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी होते. दुखणे वाढलेले असेल तर एक टप्पा मागे यावे. सपाट रस्त्यावर अर्धा तास न लंगडता चालता आले की जिना चढावा, मग रिकामा पंप, मग अर्धा, शेवटी पूर्ण भरलेला.

पुन्हा होऊ नये म्हणून

कामाला लागण्यापूर्वी पाच मिनिटे चालावे व पाय झुलवावेत. उकिडव्या कामात अर्ध्या तासाने उठून उभे राहावे. शक्य तिथे खुरप्याऐवजी सायकल कोळपे वापरावे. चरावर फळी टाकावी, पोते दोघांनी उचलावे. माझे दुखणे एका फळीने टळले असते.

शेवटी एक गोष्ट घरातल्या सर्वांसाठी. भातलावणी आणि खुरपणीचा मोठा भार बायकांवर असतो आणि त्यांचे लंगडणे घरात कुणाच्या ध्यानी येत नाही. पाणी आणणे, धारा काढणे सुरूच राहते. बैल लंगडला तर आपण त्याला जुंपत नाही. तेवढी विश्रांती घरच्या माउलीलाही मिळावी आणि त्या दिवसांतली तिची कामे बाकीच्यांनी वाटून घ्यावीत, एवढीच विनंती करतो आणि थांबतो.