फुलाचा डोळा आणि कात्री



महाबळेश्वर-पाचगणीला गेलेला माणूस येताना स्ट्रॉबेरी आणतो, आणि झाडांची हौस असेल तर हायड्रेंजियाची एखादी कुंडीही घेऊन येतो. शेकडो लहान फुलांचा चेंडूएवढा गुच्छ, कधी निळा, कधी गुलाबी. कासारवाडीच्या अंगणात तो काही आठवडे छान टिकतो. पण पुढच्या वर्षी काय होतं? झाड हिरवंगार, पानं तळहाताएवढी, आणि फूल एकही नाही. मग शेणखत होतं, पेंड होते, बाजारातलं खत होतं. शेवटी ‘हे झाड आपल्याकडचं नव्हेच’ म्हणून ते उपटलं जातं. उपटण्याआधी एकच प्रश्न विचारावा : या झाडाला कात्री कधी लावली होती?

त्याचं असं आहे. या झाडाचं फूल ज्या उन्हाळ्यात दिसतं, त्या उन्हाळ्यात ते तयार झालेलं नसतं. पावसाळा सरून दिवस लहान आणि रात्री गार होऊ लागल्या, की चालू वर्षी वाढलेल्या काडीच्या शेंड्याशी फुलाचा डोळा धरतो. थंडीभर तो तिथेच निजून राहतो आणि ऊब आली की फुटतो. आपण मात्र दिवाळीच्या सुमाराला अंगण साफ करताना सगळ्या काड्या एका उंचीवर कापून टाकतो. झाड नीटनेटकं दिसतं खरं, पण पुढच्या वर्षाची फुलं केरात गेलेली असतात.

हे झाड मूळचं जपानचं. अमेरिकेत मिनेसोटासारख्या कडक थंडीच्या भागात कात्री न लावताही हे डोळे गोठून मरतात. म्हणून तिथले बागवान काड्यांभोवती वाळका पालापाचोळा भरून ठेवतात. काही जण पॅनिक्युलाटासारखी, नव्या फुटीवर फुलणारी जात लावतात. २००४ साली तिथे ‘एंडलेस समर’ नावाचं वाण बाजारात आलं. ते जुन्या काडीवरही फुलतं आणि नव्या फुटीवरही.

कासारवाडीला बर्फाचं भय नाही. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या परिसरात पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत, कधी त्याच्याही खाली येतो. इथे अडचण उलटी : थंडी थोडी, ती वाया जाऊ द्यायची नाही. म्हणून नोव्हेंबरपासून कुंडी रात्री उघड्यावर ठेवावी, पत्र्याखाली किंवा घरात नको. या दिवसांत पाणी बेताचं द्यावं, पण माती कोरडी पडू देऊ नये. फेब्रुवारीनंतर सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा पूर्वेच्या भिंतीशी कुंडी न्यावी. छाटणी करायची ती फुलं सुकली की लगेच, पावसाळ्याच्या तोंडाशी. गणपती बसल्यानंतर काडीला हात लावू नये. महाबळेश्वरइतका बहर इथे येईल असं मी म्हणत नाही; पण डोळे राखले तर झाडाला फुलण्याची संधी तरी मिळते.

आता रंगाचं. महाबळेश्वरची जांभ्याची लाल माती आम्ल, म्हणजे आंबट गुणाची. तीत अॅल्युमिनियम झाडाच्या मुळांना मिळतं आणि फूल निळं होतं. आपल्याकडच्या चुनखडीच्या मातीत तेच झाड गुलाबी फुलतं. निळा रंग हवा असेल तर पाच लिटर पाण्यात चहाचा एक चमचा तुरटी विरघळवून, कळ्या दिसण्याआधीपासून, पंधरा दिवसांनी एकदा द्यावी. पांढऱ्या जातीचा रंग मात्र असा बदलत नाही.

हायड्रेंजियाचा नियम सगळ्या झाडांना लावू नका. गुलाब नव्या फुटीवर फुलतो. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात त्याची छाटणी केली की साधारण दीड-दोन महिन्यांत फुलं येतात. मोगऱ्याला डिसेंबरात पाणी तोडून ताण द्यावा, जानेवारीत छाटावं, मग खत-पाणी सुरू करावं. उन्हाळ्यात तो बहरतो. शेवंतीचं तर आणखी निराळं. ती रात्रीची लांबी ओळखते. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर तिच्यावर पडत असेल, तर कळी धरायला उशीर होतो. हमरस्त्यालगत राहणाऱ्यांनी शेवंतीची कुंडी घराच्या अंधाऱ्या बाजूला ठेवून पाहावी.

गुरुजी आणि बाई, शाळेच्या बागेत याचा चांगला पाठ होईल. हायड्रेंजियाच्या एकाच झाडावरच्या चार काड्यांना लाल दोरा बांधा, चार काड्यांना पांढरा. लाल दोऱ्याच्या काड्या फुलं सुकताच छाटा आणि पांढऱ्या दोऱ्याच्या दिवाळीत. मुलांना वहीत तारखा लिहायला सांगा आणि पुढच्या उन्हाळ्यात कोणत्या दोऱ्याला किती गुच्छ आले ते मोजू द्या. झाडाची वेळ एकदा स्वतः मोजून पाहिली, की घरच्या अंगणातही मुलं कात्री उचलण्याआधी महिना कोणता ते विचारतील.