नावाचं कॉलेज आणि माझी हिशेबाची वही

(कडेगाव येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, मघाशी एका मुलीनं विचारलं, "ताई, पुण्याचं मोठं कॉलेज मिळतंय, पण खर्च माझा मलाच करायचाय. जाऊ का?" आधी माझं सांगते.

१९९६ साली मी बारावी झाले. घरातून एकच वाक्य : भावाचं बघायचंय, तुझं तू बघ. मी ब्लाउज शिवायची, एकाचे १२ रुपये. पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजात नंबर लागला होता. वहीत हिशेब मांडला. फी कशीबशी निघत होती; खोली आणि मेसचे महिना ८०० निघत नव्हते. म्हणजे ६७ ब्लाउज, आणि तिथं मशीन कुठली? शेवटी एस.टी.नं विट्याला जाऊन बळवंत कॉलेजातून बी.ए. केलं. पदवी शिवाजी विद्यापीठाची, कोल्हापूरच्या कॉलेजातल्या मुलींना मिळायची तीच.

तरी दोन वर्षं मी रडत होते. आमच्या स्वयंपाकघरात माझ्या लग्नाची बोलणी चालायची, ती अभ्यास करताना ऐकू यायची. पुण्याच्या खोलीत ती ऐकू आली नसती. वहीत मी हे कुठंच मांडलं नव्हतं.

कर्मवीरांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. 'कमवा आणि शिका'चं आपण कौतुक करतो, करावंच. पण साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. आपल्याकडे दागिना मोडतो तो मुलाच्या शिक्षणाला. मुलीचा लग्नासाठी राखून ठेवतात!

२०२४ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश सरकारी फेरीतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि खाजगी अभिमत विद्यापीठांना ही माफी नाही. खोली आणि मेस तर या माफीत येतच नाहीत. 'फी माफ' ऐकून बॅग भरू नका.

तर बाई, पुण्याच्या कॉलेजकडून सगळा खर्च लेखी माग, डिपॉझिटसकट. तुझी कमाई शेजारी लिही. मग घरी विचार, माझ्या लग्नाला किती ठेवलेत? ते आत्ता द्या. दिले तर जा. नाही दिले आणि हिशेब बसला नाही, तर कर्ज काढून नाव विकत घेऊ नको. इथं शिक, पण राहायला घराबाहेर जागा शोधू या.

वही घेऊन आज संध्याकाळी ये. आईलाही आण.