कार्यवाह परगावी असताना



शिष्यवृत्तीचे व औषधोपचाराच्या साहाय्याचे अर्ज आता बहुधा ई-मेलने येतात. त्यांची गर्दी मे-जूनमध्ये, आणि नेमके त्याच सुमारास आम्ही कार्यकर्ते कोणी पुण्यास लेकीकडे, तर कोणी अमेरिकेत नातवंडांकडे निघतो. नकार आला तर विद्यार्थी दुसरे दार तरी ठोठावतो. उत्तरच आले नाही तर वाट पाहण्यात त्याचे दिवस जातात, आणि फी भरण्याची मुदत कोणाच्या प्रवासासाठी थांबत नाही.

पूर्वी आपल्या बडोद्यात बिऱ्हाडकरू परगावी गेला की शेजारी पाकिटावरचा पत्ता खोडून नवा लिहीत आणि पत्र पुन्हा पेटीत टाकीत. तेच काम ई-मेलमध्ये 'फॉरवर्डिंग' करते. जीमेलवर ही सोय मोबाइलच्या ॲपमधून लावता येत नाही, संगणकावर बसावे लागते. 'सेटिंग्ज'मधील 'फॉरवर्डिंग अँड पॉप/आयमॅप' या पानावर सहकार्यवाहांचा पत्ता घालावा. त्यांच्याकडे संमतीचे पत्र जाते; त्यांनी ते मान्य केल्यावर त्याच पानावर फॉरवर्डिंग चालू करावे, मूळ प्रत आपल्या पेटीत राहील असा पर्याय निवडावा आणि बदल जतन करावेत. 'स्पॅम'मध्ये पडलेले पत्र मात्र पुढे जात नाही, तेव्हा तेथे कोणीतरी अधूनमधून डोकावणे आवश्यक आहे. हे पान एरवीही पाहत जावे. पासवर्ड हाती लागलेला लबाड मनुष्य येथेच आपला पत्ता घालून ठेवतो, आणि मग आपली पत्रे आपल्या आधी तो वाचतो!

दुसरी सोय आपोआप जाणाऱ्या उत्तराची. 'जनरल' या पानाच्या तळाशी 'व्हेकेशन रिस्पॉन्डर' आहे. तेथे पहिला व शेवटचा दिवस, विषय आणि मजकूर भरावयाचा. केवळ ओळखीच्यांनाच उत्तर जावे अशीही एक खूण तेथे करता येते. घरच्या पत्त्यासाठी ती उत्तम. संस्थेच्या पत्त्यासाठी ती मुळीच करू नये, कारण प्रथमच अर्ज करणारा मुलगा आपल्या यादीत असणार कोठून? उत्तर असे सर्वांनाच जाणार म्हणून घर बंद असल्याचा किंवा आपण कोठे गेलो आहोत याचा उल्लेख त्यात नसावा.

"मी सध्या कार्यालयात नाही" एवढेच लिहिणे म्हणजे दाराला लावलेल्या कुलपाची बातमी. आम्ही सुचवितो तो मजकूर असा: "आपले पत्र पोहोचले. १५ जूनपर्यंत सहकार्यवाह ते पाहतील; त्यांचा पत्ता व दूरध्वनी खाली दिला आहे. फी भरण्याची मुदत त्यापूर्वी असल्यास त्यांना अवश्य कळवावे." त्याच माणसाने दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिले तर हे उत्तर पुन्हा जात नाही; चार दिवसांनंतर लिहिले तर जाते. दोन यंत्रे एकमेकांना उत्तरे देत बसतील काय, अशी शंका पुष्कळांना येते. यंत्राने धाडलेल्या उत्तराला यंत्राने उत्तर देऊ नये, अशी शिफारस २००४ सालच्या तांत्रिक नियमांत केलेलीच आहे.

पहिला दिवस म्हणून निघण्याच्या आदल्या दिवसाची तारीख घालावी. मग त्या दिवशी घरातील दुसऱ्या कोणाच्या पत्त्यावरून संस्थेला एक पत्र धाडावे. उत्तर आले, आणि प्रत मिळाल्याचे सहकार्यवाहांनी दूरध्वनीवर सांगितले, की खुशाल सामान बांधावे.