संगणकातला वानोळा



तुरीच्या शेंगा भरल्या, हरभऱ्याला घाटे धरले, की माझी आई पहिल्या टोपलीचे वाटे करायची. एक मामाकडे, एक शेजारी, आणि एक अशा घरी, ज्यांना शेत नाही. याला वानोळा म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. मी आज ज्या वानोळ्याबद्दल बोलणार आहे, तो संगणकात पिकतो.

मी संग्रामपूरचा. वर सातपुडा, खाली पूर्णेचा खारपाणपट्टा आणि मधे आमचा तालुका. पोटापाण्यासाठी डीटीपी करतो: लग्नपत्रिका, ग्रामसभेच्या नोटिसा, शाळेच्या प्रश्नपत्रिका. रात्री दुकानाचं शटर ओढलं की प्रोग्राम लिहायला बसतो. हा माझा छंद. कुणाला गाण्याची ओढ असते, तशी मला याची आहे. पंधरा वर्षांत बावीस प्रोग्राम साठले. बरेचसे अर्धवट आहेत, पण तीन मात्र रोज कुणाच्या तरी उपयोगी पडतात.

पहिल्याचं नाव ‘वेचणी’. कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी किलोमागे ठरते. रोज संध्याकाळी वजन होतं आणि बाजाराच्या दिवशी पैसे मिळतात. आठवडाभराचे कागदाचे चिठोरे जुळवताना हिशेब चुकतो आणि चुकला की बहुतेक वेळा मजुराचंच नुकसान होतं. माझा प्रोग्राम ज्याच्या त्याच्या नावापुढे रोजचं वजन मांडतो आणि शेवटी बेरीज छापून देतो. दुसरा प्रोग्राम एकर-गुंठ्यांचे हेक्टर-आर करतो. सातबारावर एक भाषा, बांधावर दुसरी. एक एकर म्हणजे 40 गुंठे, म्हणजेच साधारण 40.47 आर.

तिसरा माझा सगळ्यात लाडका. आपल्याकडे युनिकोड रुळण्याआधीचं कितीतरी मराठी लेखन श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा फॉन्टांमध्ये अडकून पडलं आहे. त्या फाइलींत खरं तर ‘क’ नसतोच. एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं आणि फॉन्ट त्याला ‘क’चा चेहरा देतो. फॉन्ट गेला की मजकुराची जागा खुणांचा ढीग घेतो. गावच्या स्मरणिका, संस्थांचे अहवाल, कुणी हौसेने टाइप करून घेतलेल्या आजोबांच्या आठवणी, सगळं त्या ढिगाखाली. माझा प्रोग्राम हा मजकूर युनिकोडमध्ये आणतो. नुसती अक्षरं बदलून भागत नाही. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी उचलून ‘स’ आणि ‘थ’ या दोघांच्याही पलीकडे ठेवावी लागते. रफाराचं नेमकं उलटं: तो नंतर टाइप केलेला असतो, त्याला अक्षराच्या आधी आणावं लागतं.

हे सगळं बरीच वर्षं माझ्या एकट्याच्या संगणकात होतं. मग एका पावसाळ्यात हार्ड डिस्क गेली. तिच्यात पाच वर्षांचं काम होतं. ‘वेचणी’ तेवढी वाचली, कारण एका शेतकऱ्याने ती पेनड्राइव्हवर नेली होती. जे दिलं होतं तेच उरलं. त्या रात्री ठरवलं की आता जे लिहीन ते उघडं ठेवीन, सोर्स कोडसकट.

उघडं ठेवणं मात्र वाटलं तेवढं सोपं निघालं नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. लिहिणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं त्यावर हक्क राहतो. म्हणजे कोड जगाला दिसेल असा ठेवला, पण परवाना जोडला नाही, तर लोकांना तो वाचता येईल. बदलायचा आणि पुढे वाटायचा हक्क मिळणार नाही. टोपली ओसरीवर ठेवायची आणि घ्या म्हणायचं नाही, असं होतं ते. लहान प्रोग्रामांना मी एमआयटी परवाना लावला: काहीही करा, फक्त मूळ परवान्याचा मजकूर आणि लेखकाचं नाव काढू नका. फॉन्टच्या प्रोग्रामला जीपीएल लावला. त्यात सुधारणा करून पुढे वाटलंत, तर सुधारलेला कोडही तसाच खुला द्यावा लागतो. हा परवाना रिचर्ड स्टॉलमन यांनी 1989 मध्ये आणला.

एक चूक सांगतो, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. ‘वेचणी’सोबत नमुना म्हणून मी खऱ्या मजुरांची नावं आणि मजुरी असलेली फाइल ठेवली होती. ध्यानात आलं तेव्हा ती पुसली. पण गिट हे साधन प्रत्येक जुनी प्रत जपून ठेवतं. पुसलेली फाइलही इतिहासात तशीच असते. शेवटी सगळा इतिहासच नव्याने बांधला. दुसऱ्याची माहिती वानोळ्यात द्यायचा हक्क आपल्याला नसतो.

आणि काही महिन्यांनी टोपली भरून परत आली. एका अनोळखी माणसाने कळवलं की जमाखर्चाच्या जुन्या कागदावरचं ‘आचाऱ्यांना दिलेले पैसे’ माझ्या प्रोग्रामने ‘आचार्यांना दिलेले पैसे’ करून टाकलं. स्वयंपाक करणारा आचारी आणि शिकवणारे आचार्य यांच्यातला सगळा फरक त्या एका ‘ऱ्य’मध्ये आहे. मी दोन्हींना रफारच धरला होता. त्यांनी दुरुस्तीच्या चार ओळीही सोबत पाठवल्या. त्यांचं गाव मला आजही माहीत नाही.

असा वानोळा जगभर चालतो. 25 ऑगस्ट 1991 ला फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने जगाला कळवलं की तो हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितो आहे. तीच पुढे लिनक्स झाली. त्यावर देवनागरी दिसावी म्हणून पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले ‘लोहित’ फॉन्ट रेड हॅटने खुले केले. पण त्याच फिनलंडमधला लासे कॉलिन हा माणूस मला जास्त आठवतो. फाइली दाबून लहान करणारा त्याचा एक्सझेड हा प्रोग्राम जगभरच्या लिनक्स संगणकांत आहे. कॉलिन तो बिनपगारी, छंद म्हणून सांभाळत होता आणि थकला होता. मदतीला आलेल्या एकाने दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि मग त्यात चोरदरवाजा बसवला. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून तो चोरदरवाजा सापडला. हौशी माणसाचं काम सगळ्यांनी वापरायचं आणि तो थकला की कुणी विचारायचं नाही, हे मला फार चुकीचं वाटतं. म्हणून मी वापरतो त्या प्रत्येक प्रोग्रामच्या लेखकाला वर्षातून एकदा पत्र लिहितो. चूक सापडली तर ती नीट मांडून कळवतो.

माझ्या फॉन्टच्या प्रोग्रामला अजून काही जोडाक्षरं जमत नाहीत. त्यांची यादी मी कोडसोबतच ठेवली आहे. तुमच्याकडे उघडत नसलेली एखादी जुनी मराठी फाइल असेल, तर तिचं एक पान घेऊन या. संध्याकाळी सातनंतर मी दुकानातच असतो.